नापासालाही मुदत असावी

पहिल्या सत्रात तिने चार विषय घेतले, बारा क्रेडिट. ऑक्टोबरात कामाच्या ठिकाणी शिफ्ट बदलली आणि दोन विषय मध्येच सोडावे लागले. गुणपत्रकावर त्यांच्यापुढे 'डब्ल्यू' उमटला. उरलेल्या दोहोंपैकी एकात 'एफ', म्हणजे नापास, एकात 'सी'. जानेवारीत तिने दात-ओठ खाऊन पुन्हा बारा क्रेडिट घेतले आणि चारही विषयांत 'बी' मिळवला.

आता हिशेब मांडू. दोन सत्रांत घेतलेले क्रेडिट २४, पूर्ण केलेले १५. म्हणजे ६२.५ टक्के. ग्रेडची सरासरी ('बी'ला ३, 'सी'ला २, 'एफ'ला शून्य धरून) २.३३, 'सी'च्या वर. पण अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत घेतलेल्या क्रेडिटपैकी ६७ टक्के पूर्ण झालेले लागतात. चार 'बी' घेऊन आलेल्या या मुलीला उन्हाळ्यात ईमेल येते: आपली आर्थिक मदत थांबवण्यात आली आहे.

ही मुलगी मी कल्पिलेली आहे, हिशेब मात्र नियमातलाच आहे. त्या नियमाचं नाव 'सॅटिसफॅक्टरी अकॅडेमिक प्रोग्रेस'. सगळे त्याला नुसतं 'सॅप' म्हणतात. पेल ग्रँट हे गरजूंसाठीचं केंद्राचं अनुदान असो, केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज असो की वर्क-स्टडीची, म्हणजे शिकता शिकता करायची सरकारी मदतीतली नोकरी, या पैशावर शिकणाऱ्या प्रत्येकाला सॅपच्या तीन कसोट्या लागतात. पहिली ग्रेडची: दोन वर्षांहून मोठ्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाअखेर निदान 'सी' सरासरी, किंवा पदवीच्या अटींशी जुळणारी प्रगती. दुसरी वेगाची: जेवढं घेतलं त्यातलं पुरं किती केलं. तिसरी मुदतीची: अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या लांबीच्या दीडपटीत तो संपला पाहिजे. १२० क्रेडिटची पदवी असेल तर १८० क्रेडिटच्या आत. ६७ हा आकडाही तिथूनच आला. १८० पैकी १२० म्हणजे दोन-तृतीयांश. मध्येच सोडलेला विषय, अपुरा राहिलेला विषय, पुन्हा दिलेला विषय, हे सगळं 'घेतलेल्या' क्रेडिटमध्ये मोजलं जातं. पुन्हा देऊन 'एफ'च्या जागी 'ए' मिळवला तरी पहिला प्रयत्न भागाकारातून हलत नाही.

मदत घेणाऱ्यांना कसलीच अट नको, असं मी म्हणत नाही. सार्वजनिक पैसा आहे, हिशेब द्यावाच लागेल. माझा आक्षेप एका गोष्टीला आहे: या नियमाला विसरता येत नाही. आणि चुकण्याची किंमत ज्यांना सगळ्यांत महाग पडते, त्यांच्याच चुका तो जन्मभर जपून ठेवतो.

आपल्या मराठी कानांना यात फारसं वावगं वाटणार नाही. त्याचं एक कारण आपल्या शब्दात आहे. शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्याला चौथी-सातवीची स्कॉलरशिपची परीक्षा आठवते, गुणवत्ता यादी आठवते. पैसे म्हणजे हुशारीचं बक्षीस. मार्क घसरले, बक्षीस गेलं, तक्रार कसली? पेल ग्रँट मात्र बक्षीस नाही. घरचं उत्पन्न आणि कुटुंबाचा आकार पाहून ती मिळते. देताना मार्क कुणी विचारत नाही. पहिल्या वर्षी गरज पाहून दिलेले पैसे दुसऱ्या वर्षी मार्क पाहून काढून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. मधल्या काळात त्या घराची गरज कमी झालेली नसते.

तिच्याच वर्गात, तिच्या शेजारी बसणारा एक मुलगा घ्या. त्यानेही दोन विषय सोडले, एकात नापास झाला. त्याची फी वडील भरतात. त्याला कॉलेजकडून फार तर समुपदेशकाला भेटायची सूचना येईल. दुसऱ्या सत्रात सरासरी २.३३ झाली की कॉलेजच्या लेखी तो सुरळीत विद्यार्थी. तीही कॉलेजच्या लेखी सुरळीतच आहे! कॉलेज तिला काढत नाही, वर्गात जागा राखून ठेवतं, फक्त फी कशी भरायची ते तिचं तिने बघायचं. एकच गुणपत्रक, एकाला त्याची झळही नाही आणि दुसरीचं शिक्षण थांबलं. फरक बापाच्या खिशाचा.

केंद्राच्या नियमातलं एक कलम इथे बारकाईने वाचायला हवं. मदत न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना कॉलेजने जी शिस्त लावली असेल, सॅपची कसोटी तिच्यापेक्षा ढिली असता कामा नये, असं ते सांगतं. किती कडक असावी याला मात्र वरची मर्यादा नाही. दुसऱ्या वर्षाअखेर 'सी' पुरे, असं केंद्र म्हणतं. कॉलेज पहिल्याच सत्रापासून मागू शकतं. नापास सत्रानंतर एक सत्र 'वॉर्निंग' देऊन मदत चालू ठेवण्याची मुभा आहे, पण सक्ती नाही. अपील ऐकण्याचीही सक्ती नाही. कॉलेजने 'आम्ही अपील घेत नाही' असं धोरण ठेवलं तरी ते नियमात बसतं. गरिबाच्या बाजूने जे काही आहे ते कॉलेजच्या मर्जीवर, आणि त्याच्या विरुद्ध जे आहे ते सक्तीचं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ते खरं वाटलं नव्हतं.

ही सगळी मदत ज्या कायद्यावर उभी आहे त्या उच्च शिक्षण कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केली ती ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, टेक्सासमधल्या सॅन मार्कोस इथे, ज्या कॉलेजात ते स्वतः शिकले होते तिथे जाऊन. जॉन्सन यांना त्या कॉलेजातलं शिक्षण पैशांपायी मध्येच थांबवून कोटुला या गावी मेक्सिकन-अमेरिकन मुलांच्या शाळेत मास्तरकी करावी लागली होती. मग परत येऊन १९३० साली ते पदवीधर झाले. पेल ग्रँट १९७२ ची, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं; ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांचं नाव तिला १९८० मध्ये लागलं. आणि 'प्रगती समाधानकारक हवी' ही अट कायद्यात आली १९७६ मध्ये. दार उघडल्यावर चारच वर्षांत उंबऱ्यावर माणूस बसवला गेला. आजचे तपशीलवार नियम १ जुलै २०११ पासूनचे.

अटीच्या बाजूने जे बोलतात ते दुष्ट नाहीत, त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं. ते म्हणतात, जो शिकतच नाही त्याला पैसे देत राहणं हे करदात्याशी आणि खुद्द त्या विद्यार्थ्याशीही बेइमानी आहे. कर्ज वाढत जातं, पदवी मिळत नाही. आणि हप्ते थकवणाऱ्यांत अर्धवट सोडलेल्यांचा भरणा मोठा असतो, ही गोष्ट खरी आहे. नुसती नोंदणी करून पैसे उचलणारे आणि पसार होणारेही असतात. अलीकडे तर खोट्या ओळखपत्रांवर 'भूत विद्यार्थी' दाखल करून मदत लाटण्याचे प्रकार कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांना, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सार्वजनिक कॉलेजांना, छळत आहेत.

पण या चोरांना सॅप पकडतो का? सॅपचा हिशेब लागतो सत्र संपल्यावर, निकालानंतर. तोवर भुताने पैसे घेऊन दुसऱ्या नावाने तिसरं कॉलेज गाठलेलं असतं. सत्राच्या मध्येच जो निघून जातो त्याच्यासाठी वेगळा नियम आहेच: सत्राचा ६० टक्के काळ पुरा होण्याआधी सगळं सोडलं तर जेवढे दिवस हजेरी तेवढीच मदत 'कमावलेली' धरतात, बाकीची परत जाते. आणि करदात्याच्या पैशालाही वेगळी भिंत आहे. २०१२ पासून पेल ग्रँट जन्मात पूर्णवेळ शिक्षणाच्या बारा सत्रांपुरतीच मिळते. नापास झालेलं सत्रही त्या बारांतून वजा होतं. म्हणजे आपल्या मुलीने पडलेल्या सत्राची किंमत एकदा मोजलेली आहेच. सॅप तिच्याकडून ती दुसऱ्यांदा वसूल करतो.

मग सॅपच्या जाळ्यात सापडतं कोण? ज्युडिथ स्कॉट-क्लेटन आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने देशव्यापी पाहणीच्या आकडेवारीवरून दाखवलं की सार्वजनिक कॉलेजांतल्या पहिल्या वर्षाच्या पेलधारकांपैकी २५ ते ४० टक्के जणांची कामगिरी मदत गमावण्याच्या धोक्याइतकी खाली असते. इतका मोठा हिस्सा आळशी किंवा लबाड असू शकत नाही. ती पहिल्या वर्षाची ठेच आहे. घरात कॉलेजला गेलेलं कुणी नाही, विषय कोणत्या तारखेपर्यंत सोडला तर 'डब्ल्यू' लागत नाही हे सांगणारं कुणी नाही, आठवड्याला पंचवीस-तीस तास नोकरी. नोकरी का, तर सत्तरच्या दशकात पेल ग्रँटच्या कमाल रकमेतून सरकारी विद्यापीठातल्या राहण्या-शिकण्याचा सुमारे तीन-चतुर्थांश खर्च भागायचा. आज ७,३९५ डॉलरच्या कमाल रकमेतून एक-तृतीयांशही भागत नाही. मदत आटली, म्हणून काम वाढलं. काम वाढलं, म्हणून वेग मंदावला. आणि वेग मंदावला म्हणून उरलेली मदतही गेली.

धाक दाखवला की मुलं सुधारतात, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी पुरावा संमिश्र आहे, आणि मी तो झाकून ठेवणार नाही. कॅनडातल्या एका मोठ्या विद्यापीठातल्या प्रोबेशनवरचा, म्हणजे मार्क घसरल्यावर दिल्या जाणाऱ्या ताकिदीवरचा, अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाअखेर ज्यांना प्रोबेशनवर टाकलं, त्यातले जे परत आले त्यांचे मार्क सुधारले. पण काही जण परत आलेच नाहीत. अमेरिकेतल्या एका राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत सॅपचा अभ्यास झाला तेव्हा चित्र साधारण तसंच निघालं: टिकले त्यांच्या ग्रेड सुधारल्या, पण टिकणारे कमी झाले. उरलेल्यांची सरासरी वाढली की वर्ग सुधारल्यासारखा दिसतो. गेलेले त्या सरासरीत नसतात.

पैशाला अभ्यासाची अट घालूच नये, असंही मी म्हणणार नाही, कारण अट घालण्याची दुसरी रीत आहे आणि ती करून पाहिलेली आहे. न्यू ऑर्लिन्स परिसरातल्या दोन कम्युनिटी कॉलेजांत २००४-०५ मध्ये कमी उत्पन्नाच्या पालकांना, म्हणजे बहुतेक आयांनाच, पेलच्या वर जादा पैसे देऊ केले गेले. सत्राला एक हजार डॉलर: नोंदणी झाली की २५०, सत्राच्या मध्यावर २५०, 'सी' सरासरीने सत्र संपवलं की ५००. त्या आयांनी जास्त क्रेडिट मिळवले, जास्त जणी टिकल्या. मग ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळ आलं आणि तो प्रयोगच विस्कटला. न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा 'असॅप' कार्यक्रम २००७ चा. त्यात अट कडक, पूर्णवेळच शिकायचं. सोबत उरलेली फी माफ, पुस्तकांना मदत, मेट्रोचं कार्ड, आणि मोजक्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला, वारंवार भेटणारा मार्गदर्शक. तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलं. कडक अट तिथेही होती, पण अट पुरी करता यावी म्हणून माणूस आणि पैसा शेजारी उभा होता. सॅपच्या शेजारी कुणी उभं नसतं. डिसेंबरच्या सुट्टीत निकाल लागतो, इनबॉक्समध्ये एक ईमेल पडते, जानेवारीत फी भरायची असते.

अपील ही या नियमातली माणुसकीची जागा, आणि मला सगळ्यांत जास्त त्रास तिचाच होतो. नातेवाइकाचा मृत्यू, स्वतःचं आजारपण किंवा अपघात, किंवा 'इतर विशेष परिस्थिती' असेल तर अपील करता येतं. विद्यार्थ्याने दोन गोष्टी लिहायच्या: का नापास झालो, आणि आता काय बदललं. सोबत पुरावे, मृत्यूचा दाखला, डॉक्टरांची चिठ्ठी. एकोणीस वर्षांच्या मुलीने आपल्या घरातल्या मारहाणीचा पुरावा कुठून आणायचा? नैराश्यात सहा आठवडे अंथरुणातून न उठलेल्या, विमा नसल्यामुळे डॉक्टरकडेही न गेलेल्या मुलाने कोणाची चिठ्ठी जोडायची? आणि गरिबीत काही 'बदललेलं' असेलच असं कुठे आहे? वडिलांची नोकरी परत लागलेली नसते, धाकट्या भावंडांना सांभाळणारं दुसरं कुणी उगवलेलं नसतं. खरं उत्तर 'काही बदललं नाही, पण मी आता ते कसं निभवायचं ते शिकले' असं असतं. फॉर्मला ते उत्तर पुरत नाही. म्हणून ज्यांना दुःखाची नीट कहाणी लिहिता येते, कागद जोडता येतात, ते तरतात. ज्यांना लाज वाटते ते फॉर्म न भरताच गळतात. त्यांची नोंद 'अपील केलं नाही' अशी होते.

आणि आता विसरण्याबद्दल. एक बाई आहे, वय ३४, दोन मुलं. एकोणिसाव्या वर्षी तिने एक सत्र कॉलेज केलं होतं: पंधरा क्रेडिट, सगळे 'एफ', कारण ऑक्टोबरात ती जायचीच बंद झाली आणि रीतसर नाव काढायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. ती आता नर्सिंगसाठी परत आली आहे. तिचा हिशेब आजही पंधरापैकी शून्य. सलग तीस क्रेडिट तिने एकही विषय न चुकता पास केले तरच ४५ पैकी ३०, म्हणजे बरोबर दोन-तृतीयांश होतात. सरासरीचंही तेच, तीसही क्रेडिटमध्ये 'बी' आला तर कशीबशी २.० होते. नोकरी सांभाळून सत्राला सहा क्रेडिट झेपले तर पाच सत्रं. अपील मान्य झालं नाही तर ही पाचही सत्रं स्वतःच्या खिशातून.

अनेक कॉलेजांत 'अकॅडेमिक रिन्यूअल' नावाची सोय असते. जुनं वाईट सत्र गुणपत्रकाच्या सरासरीतून वगळतात. कॉलेजला कळतं की एकोणिसाव्या वर्षीचं माणूस आणि चौतिसाव्या वर्षीचं माणूस एक नव्हे. केंद्राच्या मदतीचे नियम ही माफी मानत नाहीत. सॅपच्या हिशेबात 'एफ'चे ते पंधरा क्रेडिट धरावेच लागतात. ज्या देशात दिवाळखोरीची नोंदसुद्धा दहा वर्षांनी क्रेडिट रिपोर्टवरून काढावी लागते, थकलेल्या बहुतेक बिलांची सात वर्षांनी, त्या देशात किशोरवयातल्या एका फसलेल्या सत्राला मुदतच नाही. लाखो डॉलर बुडवणाऱ्याला जी सवलत आहे, ती इंग्रजी निबंधाच्या तासाला न गेलेल्या मुलीला नाही.

हा नियम विसरूच शकत नाही, असंही नाही. मार्च २०२० मध्ये करोना मदतीचा केअर्स कायदा झाला, त्यात एक कलम होतं: महामारीमुळे जे क्रेडिट अपुरे राहिले ते कॉलेजने वेगाच्या हिशेबात धरले नाहीत तरी चालेल. एका ओळीत झालं. तेव्हा सगळ्यांवर एकदम संकट आलं होतं म्हणून ते संकट मानलं गेलं. एकेका घरावर वेगवेगळ्या महिन्यात येणाऱ्या संकटाला मात्र अजून दाखला जोडावा लागतो.

राज्यांना यात थोडंफार करता येतं. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून आपल्या राज्याच्या मदतीत सहभागी असलेल्या कॉलेजांना सांगितलं की सॅपची कसोटी केंद्राच्या किमान अटीपेक्षा कडक ठेवू नका. वरची मर्यादा अशी घालता येते, हे त्याने दाखवून दिलं. ती साऱ्या देशाला लागू व्हायला हवी. प्रत्येक कॉलेजला अपील ऐकणं सक्तीचं हवं, आणि पहिल्या अपिलाला विद्यार्थ्याचा स्वतःचा शब्द पुरावा म्हणून पुरायला हवा. शेवटच्या सत्रात ज्याने सगळं पास केलं त्याला एकूण टक्केवारी काहीही असो, मदत चालू राहावी. चढणाऱ्याला 'तू अजून पायथ्याशी आहेस' म्हणून खाली ओढायचं कारण नाही. आणि पाच वर्षांपूर्वीचे प्रयत्न ग्रेडच्या आणि वेगाच्या हिशेबातून आपोआप गळून जावेत. अर्ज नको, दाखला नको. पाच हा आकडा मी धरला आहे, कुणी सात म्हटलं तरी भांडणार नाही. आकडा असावा, एवढंच.

यातल्या काही जणी पुन्हा पडतील. त्यांच्यावर पैसे खर्च होतील आणि पदवी मिळणार नाही. मला हा खर्च मान्य आहे. बारा सत्रांची भिंत त्याच्यापुढे उभी आहेच. जो खर्च मान्य नाही तो त्या चौतीस वर्षांच्या बाईचा. कॉलेजने तिला प्रवेश दिला, मार्गदर्शकाने वेळापत्रक आखून दिलं, केंद्राच्या मदतीसाठीचा फाफ्सा अर्ज तिने भरला आणि सरकारने तिची गरज मान्यही केली. वर्ग सुरू व्हायला तीन आठवडे उरलेत. मुलं झोपल्यावर ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अपीलचा फॉर्म घेऊन बसते, आणि त्यावरचा पहिलाच प्रश्न असतो, पंधरा वर्षांपूर्वी त्या ऑक्टोबरात काय झालं होतं.